‘फुकटचा चहा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

उझबेकिस्तानातल्या समरकंद शहराच्या प्रवासावर लिहिलेल्या ‘समरकंदची माणसं’ या माझ्या लेखावर परवा ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार दिवस फिरून, भाषा येत नसताना ‘इथली माणसं मनाने मोठी’ असं लिहिणं उथळ आहे. पर्यटकाशी सगळेच गोड बोलतात, त्यांचं पोट त्यावर चालतं. उझबेकिस्तानात कापूस वेचायला लोकांना सक्तीने शेतात धाडत, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. शास्त्रीजींच्या निधनाची तारीख चुकली आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते : “काकू, फुकटचा चहा मिळाला की माणसं चांगली, एवढाच तुमचा अभ्यास.”

तारखेचं आधी. चूक माझीच. ताश्कंद करारावर सह्या झाल्या १० जानेवारी १९६६ला आणि शास्त्रीजी गेले ते मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ११ तारखेला. मी १० लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. दाखवून दिलंत, आभारी आहे.

पण बाकीचं ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला मान्य नाही. ‘काकू’ म्हणालात त्याचं काही नाही. मी ५८ वर्षांची आहे, नौपाड्यातली निम्मी पोरं मला काकूच म्हणतात आणि त्या हाकेला मी खिडकीतून ओ देते. तुमची हाक तशी नाही. समोरच्या बाईने आता गप्प बसावं म्हणून मारलेली ती हाक आहे. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला ‘काका’ म्हणून असं निकालात काढलं असतंत का? आणि चार दिवस नव्हे, अकरा. ऑक्टोबर २०२३, मी आणि माझी धाकटी बहीण, कुठल्याही टूरशिवाय. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. टीका करणाऱ्याने निदान पहिला परिच्छेद तरी वाचावा.

आता चहा.

समरकंदच्या सियाब बाजारातून निघून आम्ही मागच्या जुन्या वस्तीत वाट चुकलो. सगळ्या गल्ल्या सारख्या, मातीच्या भिंती आणि लाकडी दारं. तिथे माझ्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला. एक बाई दारासमोर पाणी शिंपडून झाडत होती. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्या कोपराला धरून आत नेलं. मध्ये अंगण, वर द्राक्षाचा वेल, खाली तापचान, म्हणजे आपल्या दिवाणासारखी पण चांगली ऐसपैस बैठक, त्यावर जाड कुरपाचा अंथरलेल्या. त्या गाद्या शिवायचा निळा दोरा आणि दाभणासारखी सुई घेऊन ती माझी चपल मांडीवर घेऊन बसली. परक्या बाईची, दिवसभर रस्त्यावर फिरलेली चपल. मला लाज वाटून मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

तिच्या सासूबाईंनी चहा आणला. त्यांच्याकडे किटलीतला पहिला चहा पियाल्यात ओतून परत किटलीत टाकतात, असं तीनदा. मग पाहुण्याला देतात तो पियाला जेमतेम निम्मा भरून. कंजुषी म्हणून नाही. पियाला कमी भरला की तो लवकर रिकामा होतो, यजमानाला पुन्हा पुन्हा ओतायला मिळतं, आणि पाहुण्याने बसावं अशी इच्छा आहे हे त्यातून कळतं. काठोकाठ भरला तर समजायचं, आता उठा. आम्ही दीड तास बसलो आणि माझा पियाला एकदाही निम्म्याहून जास्त भरला गेला नाही. तुम्ही ज्याला फुकटचा चहा म्हणता तो हा. मी त्याला फुकटचा म्हणणार नाही, त्या म्हातारीच्या गुडघ्यांना ठाऊक आहे तो किती महाग होता.

तिथेच मी रोटी तोडून उरलेली उलटी ठेवली. समरकंदची रोटी गोल, मधोमध ठसा उठवलेली, आणि ती पालथी ठेवत नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोटांनी सुलटी केली आणि दस्तरखानावरचे, म्हणजे खाण्यासाठी अंथरलेल्या कापडावरचे, तुकडे वेचून तळहातावर घेतले. माझी आई ताटाबाहेर सांडलेली शितं अशीच वेचायची, चाळीत, घरी पाच माणसं आणि एक पगार असताना. निघताना मी पैसे काढले. सुनेने उजवा हात छातीवर ठेवून मान हलवली. बस.

पोटासाठी गोड बोलतात म्हणता. मी २९ वर्षं ठाण्यात बँकेच्या काउंटरवर बसले आहे. काउंटरवरचं हसू मला तुम्ही शिकवू नका, मी ते रोज सकाळी दहाला चेहऱ्यावर लावलंय. पासबुक परत दिलं की ते संपतं, नजर पुढच्या माणसावर जाते. सियाबमधल्या सुकामेव्यावाल्याचं हसू तसं होतं, आणि लेखात मी ते तसंच लिहिलंय. त्याच्या धंद्याचा तो भाग आहे, त्यात वाईट काही नाही. पण त्या घरात विकायला काहीच नव्हतं. जांभळी नाक्यावर पंधरा वर्षं एकाच बाईकडून भाजी घेणाऱ्या माणसाला मापातली भाजी आणि वरून टाकलेली कोथिंबीर यातला फरक कळतो. तुम्हाला कळत नसेल तर तो दोष समरकंदचा नाही.

भाषा येत नव्हती, खरंच आहे. पण किताब, दोस्त, बाजार, मेवा, आस्मान हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने तिथेही आहेत. कांद्याला पियोझ म्हणतात आणि सबझी म्हणजे गाजर. मी सबझी म्हणून वांग्याकडे बोट दाखवलं तेव्हा सासू-सुना दोघी पदर, चुकले, रुमाल तोंडाला लावून हसल्या, आणि मग सुनेने टोपलीतली एकेक भाजी उचलून नाव सांगितलं. मीही मराठी नावं सांगितली. ‘गाजर’ त्यांना छान जमलं.

कापसाचं. सक्तीची वेठ होती, शाळकरी मुलंही त्यात होती, मला ठाऊक आहे. ती मोडल्यावर मार्च २०२२मध्ये उझबेक कापसावरचा बहिष्कार उठला, मी गेले त्यानंतर. माझा लेख त्यावर नव्हता. तुम्हाला तळमळ असेल तर तुम्ही लिहा, मी वाचेन.

‘एकही फोटो कसा नाही’ असंही मध्ये कुठेतरी विचारलंय. फोन पिशवीत होता. ज्या घरात माझी चपल कुणीतरी मांडीवर घेतली तिथे मला तो काढावासा वाटला नाही, आणि त्या दोघींना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे मी इथे टाकलेही नसते. चपलेचा फोटो मात्र आज लेखात जोडलाय. पट्टा तपकिरी, दोरा निळा, सात टाके. अजून वापरते.