डेस्कटॉपला कुठली आलीय बॅटरी?

भिंतीतून वीज पिणारा हा डबा. याला बॅटरी कुठून आली, सांगा बरं! तरी रोज स्क्रीनच्या कोपऱ्यात बॅटरीचं तेच चित्र: ‘० टक्के’, वर लाल फुली. परवा तर विजेचं बिल भरता भरता ‘बॅटरी संपत आली’ म्हणत पठ्ठ्या झोपीच गेला. दिवे चालू, पंखा चालू, हा आडवा.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका हुशार माणसाने ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदलून दिला. अहो, तो मदरबोर्डवरच्या घड्याळाचा! त्याची टक्केवारी विंडोज त्या कोपऱ्यात दाखवतच नाही. पैसे गेले, फुली तिथेच.

शेवटी कंबर धरून टेबलाखाली शिरलो. जळमटांत यूपीएसची, म्हणजे वीज गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याची, यूएसबी वायर. ती जोडली की विंडोज यूपीएसलाच कॉम्प्युटरची बॅटरी समजतं. आमचा यूपीएस म्हातारा, म्हणून शून्य. वायर उपटली, चित्र गायब.

पण सौ.ना लोंबती वायर बघवत नाही. झाडू मारला की लगेच खोचून ठेवते, ‘सुटली होती हो.’ या महिन्यातली ही तिसरी वेळ! आता विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) जाऊन ‘बॅटरीज’खालची ती नोंदच डिसेबल करतो. झोप म्हणावं आता.