कांगा लीगचे श्रेय पावसाला द्यावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कांगा लीग या मुंबईतल्या क्लबांच्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेच्या इतिहासावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेल्या प्रतिक्रियेचा सूर कडक असला, तरी ती खेळाची जाण असलेल्या माणसाने लिहिली आहे हे उघड आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला बरे वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे, की चिखलात खेळल्या जाणाऱ्या आणि साठ-सत्तर धावांत डाव आटोपणाऱ्या स्पर्धेने मुंबईचे फलंदाज घडवले हा भाबडा समज आहे, मुंबईच्या रणजी विजयांचे श्रेय शालेय आणि ऑफिस क्रिकेटला जाते, आणि ही लीग मुळात दादर-माटुंग्याच्या मध्यमवर्गाची होती, गिरणगावाला तिथे जागा नव्हती. शेवटी आपण विचारले आहे, की आज तरी ती पावसात का खेळवायची?

ओल्या विकेटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. डॉ. होरमसजी कांगा 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघात होते. त्यांच्या स्मरणार्थ 1948 मध्ये ही लीग सुरू झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये सामना सुरू असताना पाऊस आला तर खेळपट्टी भिजू दिली जाई. पावसाळी क्रिकेटमुळे आपले फलंदाज तिकडच्या दौऱ्यांसाठी तयार होतील, ही अपेक्षा त्या काळाला धरूनच होती. ती पुरी झाली का, हा वेगळा प्रश्न. 1952 मध्ये लीड्सला भारताचे दुसऱ्या डावात शून्यावर चार गडी बाद झाले, त्यात माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे दोघे मुंबईचे होते. आणि त्याच सामन्याच्या पहिल्या डावात मांजरेकरांनी 133 धावा केल्या होत्या. पुढे मँचेस्टरच्या भिजलेल्या खेळपट्टीवर आपण एकाच दिवसात 58 आणि 82 धावांत दोनदा गारद झालो. लीग तेव्हा नवी होती असे म्हणावे, तर 1974 मध्ये ती सव्वीस वर्षांची झाली होती, आणि तरीही लॉर्ड्सच्या ढगाळ हवेत इंग्लंडच्या अर्नोल्ड आणि ओल्ड या गोलंदाजांसमोर गावसकर आणि वाडेकर संघात असताना डाव 42 वर संपला. उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर तोही तिथेच आहे, कारण त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी गावसकरांनी मँचेस्टरच्या थंडी-पावसात 101 आणि 58 धावा केल्या होत्या. तेव्हा या मुद्द्यावर आपले-माझे फारसे भांडण नाही. कांगा लीगमुळे इंग्लंडमध्ये धावा झाल्या, असे सिद्ध करता येत नाही.

मात्र त्यावरून पुढे जाऊन या क्रिकेटला निव्वळ मटका ठरवणे मला मान्य नाही. न झाकलेली विकेट रविवारी सकाळी मऊ असते, तेव्हा चेंडू थांबून येतो. दुपारी उघडीप मिळून वरचा थर सुकू लागला, की तोच चेंडू वळतो आणि मध्येच छातीपर्यंत उसळतो. आउटफील्डवर गवत इतके माजलेले असते, की कव्हरमधून मारलेला खणखणीत ड्राइव्ह वीस-पंचवीस पावलांवर जाऊन रुततो. त्यामुळे एरवी चेंडू जमिनीलगत ठेवण्याची शिस्त पाळणारा फलंदाज इथे क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून, पण मोजून, उचलायला शिकतो. गोलंदाज रनअपवर लाकडाचा भुसा टाकून चार पावलांवरून कटर, म्हणजे टप्प्यावर पडून वळणारा चेंडू, टाकतो. आझाद मैदानावर तर एका सामन्याचा डीप फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या कव्हरशेजारी उभा असतो आणि आपल्याकडे कोणता चेंडू येत आहे याचे भान त्यालाच ठेवावे लागते. यातून तंत्र शुद्ध होते असे नाही. पण तिथे केलेल्या तीस धावांची किंमत मैदानावरच्या प्रत्येकाला कळते, आणि धावफलकाकडे पाहून या स्पर्धेचे मोजमाप करणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते.

माझ्या मते पावसाचे खरे योगदान वेळापत्रकात आहे. शाळांच्या हॅरिस आणि गाइल्स शील्ड, ऑफिसांची टाइम्स शील्ड आणि रणजी हे सगळे पाऊस ओसरल्यानंतरचे. जुलै ते सप्टेंबर या काळात इंग्लंडचा दौरा नसला, तर शहरातला कसोटीपटू घरी असायचा आणि रविवारी आपल्या क्लबसाठी मैदानावर यायचा. माधव मंत्री आणि वासू परांजपे यांच्या शिस्तीतली दादर युनियन आणि समोर शिवाजी पार्क जिमखाना, अशा लढतीत गावसकरांना पद्माकर शिवलकरांची गोलंदाजी सुकत्या विकेटवर खेळावी लागे. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे आठ गडी अवघ्या 16 धावांत बाद केले. भारताची टोपी न मिळालेला एवढा मोठा गोलंदाज क्लबच्या सामन्यात, फुकटात, समोर उभा ठाकावा, अशी सोय भर मोसमात कुठे होती? सचिन तेंडुलकर 1984 मध्ये अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबकडून याच लीगमध्ये उतरला, तेव्हा त्याच्याभोवती दाढी-मिशा आलेली माणसे खेळत होती.

म्हणूनच शालेय आणि ऑफिस क्रिकेटचे श्रेय मान्य करूनही मला आपला दुसरा मुद्दा अपुरा वाटतो. शाळेत मुलगा आपल्याच वयाच्या मुलांशी खेळतो. ऑफिस तर नाव झालेल्या खेळाडूला नोकरी देते. वाडेकर स्टेट बँकेत होते आणि गावसकर निरलॉन कंपनीत, हे सर्वांना ठाऊक आहे. या दोहोंमधल्या वयात, नाव नसलेल्या मुलाने कुठे खेळायचे? कांगा लीगच्या ए ते जी अशा सात गटांमुळे आणि गटात वर-खाली होण्याच्या धास्तीमुळे त्याला जागा मिळाली. खालच्या गटांतला एखादा क्लब म्हणजे पुष्कळदा एक किट बॅग आणि फोनाफोनी करून अकरा माणसे गोळा करणारा एक हौशी सेक्रेटरी एवढाच पसारा असतो. त्याच्याकडून दोन हंगाम चांगला खेळलेल्या मुलाला वरच्या गटातला क्लब बोलावून घेई. 1958-59 पासून सलग पंधरा वेळा रणजी जिंकणाऱ्या संघामागे नुसती अकरा माणसे नव्हती, त्या जागांसाठी ताटकळणारी दुसरी पाच-पन्नास होती. त्यांचा कस कांगा लीगमध्येच लागत होता.

गिरणगावाबद्दलची आपली तक्रार मात्र सर्वांत वजनदार आहे. पंचरंगी सामने 1946 मध्ये बंद पडले आणि त्यानंतर दोन वर्षांनी ही लीग सुरू झाली. धर्मानुसार संघ निवडण्याची पद्धत मोडली, पण यंग झोरास्ट्रियन्स, कर्नाटक स्पोर्टिंग अशा नावांत समाजाची खूण उरली. लेदरचा चेंडू, पांढरे कपडे, पॅड आणि मुख्य म्हणजे ओळख, यांचा खर्च लालबाग-परळच्या चाळीतल्या मुलाला परवडण्यासारखा नव्हता. तो टेनिस बॉलवर रमला आणि तिथेच राहिला. एकनाथ सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव, मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढलेले. लॉर्ड्सच्या त्या 42 मध्ये सर्वाधिक, नाबाद 18 धावा त्यांच्याच होत्या. पण सोलकरांचे उदाहरण देऊन हा प्रश्न निकाली काढणे मला अप्रामाणिक वाटते, कारण ते मैदानावरच राहत होते. बाकीच्यांना मैदानापर्यंत पोहोचायचे होते. तरीही एवढे म्हणतो, की हा दोष एकट्या लीगच्या माथी मारता येणार नाही. लीगने क्लबांना गटांत बसवले. क्लबात कोणाला घ्यायचे हे क्लब ठरवत होते, आणि आजही तेच ठरवतात. त्याच क्लबांच्या मतांवर मुंबईच्या क्रिकेट संघटनेची सत्ता ठरते. वानखेडे, मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख अशी माणसे तिच्या अध्यक्षपदी बसली, यावरून त्या मतांचे वजन कळावे.

आता आपला शेवटचा प्रश्न. आज इंग्लंडमध्येही खेळपट्ट्या झाकल्या जातात, आणि मोठ्या खेळाडूंना बारमाही दौरे व आयपीएल यांतून सवड नसते. त्यामुळे कसोटीपटू आणि शाळकरी मुलगा एकाच सामन्यात, हे दृश्य दुर्मीळ झाले आहे, आणि लीगचे मोठे बळ त्यासोबत गेले हे मी नाकारत नाही. पण ती पावसाबाहेर न्यायची, तर मैदाने कुठून आणायची? ऑक्टोबर उजाडला की आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानांवरचे प्लॉट शाळा, महाविद्यालये आणि ऑफिसांच्या सामन्यांनी भरून जातात. सात गटांतले सुमारे शंभर क्लब त्या गर्दीत ढकलले, तर पहिल्यांदा कात्री लागेल ती एफ आणि जी गटांना, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचे मैदान नाही आणि ज्यांच्यासाठी बोलणारे कोणी नाही अशा क्लबांना. गिरणगावाची बाजू घेणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाने हा बदल मागावा, याचे म्हणून मला थोडे आश्चर्य वाटले.