गिटारमधील घुंघुं आणि चार्जरची कापलेली पिन

घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करणाऱ्या नाशिकच्या मुलांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : रेकॉर्डिंगमध्ये येणारी घुंघुं ‘घाणेरड्या लाइट’मुळे येते, अंबड-सातपूरच्या कारखान्यांनी नाशिकची लाइनच बिघडवलेली आहे, म्हणून लॅपटॉपच्या चार्जरची अर्थिंगची जाड पिन कापावी किंवा तिच्यावर टेप गुंडाळावी, तेवढ्याने न भागल्यास स्टॅबिलायझर घ्यावा आणि उरलेला आवाज नॉइज गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या साधनाने, मारावा. यातला एक सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा कारखान्यांचा. गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागात, बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र ते थेट हवेतून पकडतात. दोन उलट वेढ्यांच्या कॉइल जोडून हा आवाज रद्द करणाऱ्या हंबकर पिकअपच्या पेटंटसाठी गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ सालीच अर्ज केला होता. घुंघुं केवळ लाइनमधून येत असती, तर पिकअप बदलून ती कमी झालीच नसती. आपल्याकडचा आवाज कुठून येतो, हे दोन मिनिटांत कळते. गिटारवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. आवाज थांबला, तर तो पिकअपमधून येत होता. मग बसल्या जागी गिटारसह हळूहळू वळून पाहावे, कारण एखाद्या दिशेला तोंड केल्यावर तो स्पष्टपणे पडतो. आवाज तसाच राहिला, तर दोष केबल, पेडल, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारे उपकरण) किंवा लॅपटॉपकडे आहे, आणि तेव्हा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. कारखान्यांना दोष देण्याआधी एवढे तरी करायला हवे.

दुसरा मुद्दा पिनचा, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. पिन कापल्याने कधी कधी आवाज जातो, हे मी मान्य करतो. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगला जोडलेले असतील आणि त्यांच्यात ऑडिओ केबलही असेल, तर एक बंद वेटोळे तयार होते, त्यातून बारीकसा करंट फिरतो आणि तोच ऐकू येतो. पिन कापल्यावर वेटोळे तुटते. पण ते तोडण्याचे निर्धोक मार्ग आहेत : दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन ऑडिओ उपकरणांच्या मध्ये लावायची डबी) लावून त्याचा ग्राउंड लिफ्ट नावाचा स्विच वापरावा. तो फक्त ऑडिओ केबलची जाळी, म्हणजे आतल्या वायरीभोवतीचे धातूचे वेष्टन, सोडवतो, विजेचे अर्थिंग जिथल्या तिथे राहते.

तीन पिनच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते. लांब यासाठी, की प्लग घालताना अर्थिंग आधी जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे. ती कापल्यावर सॉकेटची झडप उघडत नाही, म्हणून मुले वरच्या छिद्रात बॉलपेन खुपसून प्लग घालतात. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. आज चार्जरवर केलेला प्रयोग उद्या ॲम्प्लिफायरवर होतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा ज्यावर टेकतात तो धातूचा भाग) आणि केबलच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, त्यामुळे आत फेज सुटून सांगाड्याला लागला, तर २३० व्होल्ट वाजवणाऱ्याच्या बोटांखाली येतात. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, विजेच्या धक्क्याने गेला.

शिवाय अनेक घरांत पिन काढल्याने आवाज वाढतो. चार्जरमधल्या एका लहान कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बाहेरच्या बाजूला झिरपत असतो. अर्थिंग असेल तर तो तिथे निघून जातो, नसेल तर लॅपटॉपच्या धातूवर आणि तिथून ऑडिओमध्ये येतो. पंचवटीत माझ्या भाच्याच्या जुन्या घरी असेच झाले होते. लॅपटॉपच्या कडेवरून बोटाची मागची बाजू अलगद फिरवली, की गुळगुळीत धातू पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागे. पिन शाबूत होती, पण वायरमनने एक्स्टेन्शन बोर्ड उघडला तेव्हा आतली हिरवी वायर स्क्रूखालून निसटून नुसतीच पडलेली दिसली. ती आवळल्यावर खरखर गेली आणि निम्मी घुंघुंही गेली.

स्टॅबिलायझरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तो व्होल्टेज सांभाळतो, घुंघुं गाळत नाही, आणि त्याच्यातला ट्रान्सफॉर्मर गिटारजवळ ठेवला तर आवाजात भरच घालतो.

नॉइज गेट वाईट नाही, पण तो फक्त वादन थांबल्यावर दार लावतो. सूर वाजत असताना घुंघुं त्याच्यासोबत आत येतेच. इक्वलायझरने ५० हर्ट्झ कापून भागेल, असेही नाही, कारण तिच्या पटी १००, १५०, २०० अशा वर जात राहतात, आणि जाड ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी सूर ९८ हर्ट्झचा, म्हणजे १०० ला अगदी खेटून असतो. घुंघुं कापायला जाल तर तो सूरही पोकळ होईल.

भाच्याकडे उरलेला आवाज गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणताच थांबत होता, म्हणजे तो पिकअपमधून येत होता. शोधता शोधता आम्ही पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरपर्यंत पोहोचलो. असा रेग्युलेटर विजेची प्रत्येक अर्धी लाट मध्येच कापतो, सेकंदाला १०० वेळा, आणि त्यातून तीक्ष्ण चरचर पसरते. वायरमनने त्याच्या जागी कपॅसिटरवर चालणारा, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर बसवला. आता भाचा पंखा चालू ठेवून रेकॉर्ड करतो.