फॉल्ट गिळू नका, छापा

"आयओएमएमयू डिसेबल करून बघा, आमच्याकडे चालतं." ज्यांचं बोर्ड आणि ड्रायव्हर आम्ही वापरतो त्या बोर्डवाल्यांकडून आज दुपारी आलेलं उत्तर. एवढंच. (आयओएमएमयू म्हणजे कोणतं डिव्हाइस कोणत्या मेमरीला हात लावू शकतं ते बघणारं हार्डवेअर; परवानगी नसताना हात लावला की ते फॉल्ट देतं.) मी लॉग पाठवला, रजिस्टरचे आकडे पाठवले, कोणत्या फाइलमधली कोणती ओळ चुकते ते पाठवलं, आणि त्यावर हे. मेल वाचून मी खुर्चीतून उठून परसोडीच्या त्या उन्हात गेटपर्यंत जाऊन आलो, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं सांगता येत नाही.

अरे, डीकोडर दुसऱ्याच्या मेमरीत लिहितोय हे ज्याने पकडलं, त्यालाच बंद करायचं? रात्री चोर शिरला म्हणून ओरडला, तर चौकीदाराला कामावरून काढणार का तुम्ही? डिव्हाइस ट्रीमधली, म्हणजे बोर्डवर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाइलमधली, एक ओळ उडवली की फॉल्ट दिसायचा थांबतो. लिहिणं थांबत नाही. बाप्पा, इतकं साधं आहे हे, आणि ड्रायव्हर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला ते समजावून सांगायची पाळी यावी?

काय झालं ते ऐका. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात आमचे बॉक्स आहेत, कन्व्हेयरवरच्या कॅमेऱ्यांचा व्हिडिओ घ्यायचा, डीकोड करायचा, पुढे द्यायचा. एप्रिलमध्ये त्यांनी काही जुने ७२० ओळींचे कॅमेरे काढून १०८० ओळींचे लावले. त्या बॉक्सवर लगेच रड सुरू. चित्र अडकतं, डीकोडर रीसेट होतो, दोन फ्रेम येतात, परत अडकतं. लॉगमध्ये एकच शब्द, टाइमआउट. टाइमआउट, टाइमआउट, टाइमआउट. ज्याने लिनक्सच्या कर्नलमध्ये काम केलंय त्याला माहीत आहे, टाइमआउट म्हणजे काहीच न सांगणं. क्लॉक असू शकतं, पॉवर असू शकते, इंटरप्ट हरवला असेल, नेटवर्कवरून कचरा येत असेल. मी हे सगळं तपासलं. रात्री बसून तपासलं. घरी जेवायला थांबलेल्या माणसांना रोज फोन करून "तुम्ही जेवून घ्या" सांगितलं.

आणि फॉल्ट तर पहिल्या फ्रेमपासून येत होता! हार्डवेअर बिचारं पहिल्या क्षणापासून सांगत होतं. मधे या लोकांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

कसा, ते बघा. कर्नलमध्ये २०११ साली रिपोर्ट आयओएमएमयू फॉल्ट हे फंक्शन आलं. आयओएमएमयूचा ड्रायव्हर फॉल्ट आला की ते बोलावतो, आणि त्या डोमेनसाठी, म्हणजे डिव्हाइसच्या त्या मेमरी-नकाशासाठी, कोणी हँडलर, म्हणजे फॉल्टवर चालायचं स्वतःचं फंक्शन, लावला असेल तर तो चालतो. हँडलर नसेल तर उणे ईनोसिस, म्हणजे 'हे इथे नाही' असा एरर कोड, परत येतं, आणि मग आर्मच्या आयओएमएमयूचा, म्हणजे एसएमएमयूचा, ड्रायव्हर ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची ओळ छापतो, अनहँडल्ड कॉन्टेक्स्ट फॉल्ट, पुढे एफएसआर (फॉल्टचं स्टेटस रजिस्टर), पत्ता, बाकीचे आकडे. हँडलरने शून्य परत केला तर ड्रायव्हर समजतो की ज्याचं दुखणं त्याने पाहून घेतलं, आणि गप्प बसतो. फंक्शनच्या वरच स्वच्छ लिहून ठेवलंय की हँडलरला नेहमीचं वागणं हवं असेल तर त्यानेही उणे ईनोसिस परत करावं. वाचायला अर्धा मिनिट लागतो.

या महाभागांच्या डीकोडर ड्रायव्हरमध्ये हँडलर आहे. त्याच्या आत काय आहे? रिटर्न शून्य. बस. पत्ता छापला नाही, वाचत होता की लिहित होता ते छापलं नाही, एखादा काउंटर वाढवला नाही, डीकोडर थांबवला नाही. एका ओळीचं फंक्शन, आणि त्याचं काम एकच, फॉल्ट गिळणं. हे चुकून होत नाही. कोणाला तरी कधीतरी लॉगमध्ये तांबड्या ओळी दिसल्या, डेमो होता, साहेब मागे उभे होते, आणि त्याने ओळी बंद करायचा सगळ्यात सोपा रस्ता शोधला. तोच कोड पुढे बीएसपीमध्ये, म्हणजे बोर्डसोबत देतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, गेला, बीएसपी आमच्याकडे आलं.

मला सापडलं ते ट्रेसिंग उघडल्यावर. त्याच फंक्शनमध्ये आयओ पेज फॉल्ट नावाचा ट्रेसपॉइंट (चालू केला की घटना नोंदवणारी जागा) आहे, हँडलर काय परत करतो याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. चालू केला आणि स्क्रीन भरून गेली. दर फ्रेमला फॉल्ट. हेक्साडेसिमल पत्ता बघितला तर शेवटी तीन शून्यं, म्हणजे बरोबर पानाच्या (मेमरीच्या ४०९६ बाइटच्या तुकड्याच्या) सीमेवर. बफरच्या सुरुवातीपासून मोजलं, बरोबर ७६० पानं. मग कागद घेतला. १९२० गुणिले १०८० गुणिले दीड (रंग धरून एका ठिपक्याला दीड बाइट), ३१,१०,४०० बाइट. ४०९६ ने भागलं की ७५९ पानं भरून थोडं उरतं, म्हणून ७६० पानं दिली. पण एच २६४ या व्हिडिओ फॉरमॅटचा मॅक्रोब्लॉक, म्हणजे चित्राचा एक चौकोन, १६ बाय १६ चा असतो. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, ६८ ओळी लागतात मॅक्रोब्लॉकच्या, म्हणजे हार्डवेअर १०८८ लिहितं. १०८८ ने हिशेब केला की ३१,३३,४४० बाइट होतात, नेमकी ७६५ पानं. ड्रायव्हरने ७६० दिली, हार्डवेअरला ७६५ हवीत. ७२० ला १६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांवर कधी काही झालं नाही.

बघा, किती सुंदर पुरावा आहे हा! पत्ता आणि लिहिण्याची दिशा, एवढ्या दोन गोष्टी पहिल्या दिवशी लॉगमध्ये असत्या, तर चहा संपायच्या आत उत्तर होतं. माझा राग याचाच आहे. चूक सगळ्यांकडून होते, १०८० ऐवजी १०८८ धरायचं राहून जाणं ही समजण्यासारखी चूक आहे. गिळणं समजण्यासारखं नाही.

आणि आता "डिसेबल करा, आमच्याकडे चालतं." हो, चालतंच ना! आयओएमएमयू नसलं की ती वरची ५ पानं दर फ्रेमला शेजारी कोणाची मेमरी असेल तिथे लिहिली जाणार, सेकंदाला २५ वेळा, चोवीस तास. शेजारी दुसरा बफर असेल तर चित्राच्या वर हिरवी पट्टी दिसेल. शेजारी फाइलचं पान असेल तर ते तसंच डिस्कवर जाईल. चार महिन्यांनी कारखान्यातून फोन येईल की रेकॉर्डिंग उघडत नाही, आणि तेव्हा कोणाच्या बापाला सापडणार नाही की हे डीकोडरने केलं. यांच्याकडे चालतं याचा अर्थ यांच्याकडे आजही मेमरी सडतेय आणि कोणी बघत नाही.

हा ताजा मेल. त्याच्या आधी फोनवर जे ऐकलं ते अजून डोक्यात आहे. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातला एक जण, आवाजात पूर्ण खात्री. "सर, तुमच्याकडे नागपूरला ऊन फार ना, चिप तापत असेल." नागपूर म्हटलं की ऊन, संत्री, संपलं. पुण्यात बसून आमच्याबद्दल यांना एवढीच माहिती. मी म्हटलं, भाऊ, उन्हाने बिट पलटला तर पत्ता दर वेळी बफरच्या शेवटावरच कसा येतो? ७२० वाले बॉक्स त्याच टिनाच्या छपराखाली आहेत, त्यांना ऊन लागत नाही का? आणि इथे ऑफिसात एसीमध्ये तोच कॅमेरा लावला तरी तोच फॉल्ट येतो, तो कोणत्या उन्हाचा? तर म्हणतो, "नाही, तरी एकदा हीटसिंक बदलून बघा." आणि आमच्याच मॅनेजरने त्याचं ऐकून हीटसिंक मागवले! पैसे आमचे गेले.

उन्हाचंच बोलायचं तर ३० मे २०२४ आठवतो ना? शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने बाकीच्या नोंदींशी ताडून बघितलं आणि सेन्सर बिघडलाय असं जाहीर सांगितलं. ते का शक्य झालं? आकडा बाहेर आला म्हणून. चुकीचा होता, पण दिसला, म्हणून चुकीचा ठरवता आला. त्या केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी "जास्त आला तर दाखवू नको" असं लिहिलं असतं तर तो सेन्सर आजही तसाच लटकत असता.

आता निघालंच आहे तर सगळंच काढतो. ते लोक, जे डीएमएसाठी, म्हणजे डिव्हाइसने थेट मेमरी वापरण्यासाठी, मॅपिंग केल्यावर एरर तपासत नाहीत. एक फंक्शन बोलवायचं असतं, डीएमए मॅपिंग एरर, एक इफ. डीएमए डिबग चालू केलं की कर्नल स्वतः ओरडून सांगतं की या ड्रायव्हरने तपासलं नाही, पण ते चालू कोण करतं? "सिस्टिम स्लो होते." अरे मग टेस्टिंगपुरतं करा ना! ते लोक, जे पीसीआय डिव्हाइस बसवरून गेल्यावर रजिस्टरमधून सगळे एक वाचतात आणि ते खरं स्टेटस समजून पुढे जातात. सगळे बिट लागलेले, म्हणजे एरर पण आहे, काम पण झालंय, डेटा पण तयार आहे, असं कोणतं डिव्हाइस असतं? ते लोक, जे अनमॅप आधी करतात आणि हार्डवेअर नंतर थांबवतात, आणि लेझी मोडमध्ये टीएलबी, म्हणजे आयओएमएमयूने लक्षात ठेवलेलं जुनं मॅपिंग, उशिरा साफ होत असल्यामुळे फॉल्ट दिसला नाही की म्हणतात कोड बरोबर आहे. ते लगेच साफ करणारा स्ट्रिक्ट मोड लावून दाखवा एकदा, मग बोला.

आणि लॉग पाठवणारे! व्हॉट्सअ‍ॅपवर मॉनिटरचा तिरपा फोटो, ट्यूबलाइटची चमक नेमकी पत्त्यावर. पहिला फॉल्ट कधीच नसतो त्यात. शेवटच्या वीस ओळी, त्यातही वर लिहिलेलं की इतके संदेश दाबले. दाबणारच, रेटलिमिटचा, म्हणजे संदेशांना घातलेल्या लगामाचा, नेहमीचा हिशेब ५ सेकंदांत १० संदेशांचा आहे. मला पहिला हवा असतो, पहिला! पुढचे सगळे त्याच्या मागून आलेले असतात.

एसएमएमयूच्या ओळीवरही माझा राग आहे, तोही सांगून टाकतो. ओळीच्या सुरुवातीला नाव एसएमएमयूचं. ज्याने आगळीक केली त्या डिव्हाइसचं नाव नाही. त्याचा स्ट्रीम आयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, कुठेतरी हेक्साडेसिमल आकड्यांत दडलेला, तो काढा, डिव्हाइस ट्रीशी जुळवा, मग कळतं कोण. म्हणून मॅनेजर लोक ओळ वाचतात आणि म्हणतात, "एसएमएमयूमध्ये प्रॉब्लेम आहे." नाही हो, त्याने सांगितलं फक्त! इंटेलच्या आयओएमएमयूवाल्यांनी, म्हणजे व्हीटी-डीवाल्यांनी, निदान डिव्हाइसचा पत्ता, वाचणं की लिहिणं, आणि कारण शब्दांत दिलंय. पीटीई राइट ॲक्सेस इज नॉट सेट. म्हणजे त्या पानावर लिहायची परवानगी नाही. वाचलं की कळतं. असं लिहिता येतं. इच्छा लागते.

आणि नीट छापलेल्या फॉल्टने काय होतं, त्याचा दाखला कर्नलमध्येच पडलेला आहे. मार्व्हेलचे काही साटा कंट्रोलर (डिस्क जोडायच्या चिप) डीएमए करताना स्वतःचा पत्ता चुकीचा सांगायचे, फंक्शन १ (पीसीआय पत्त्यातला शेवटचा आकडा) च्या नावाने मागणी, आणि तसं फंक्शन तिथे नाहीच. आयओएमएमयू चालू केलं की डिस्क गायब. तेव्हाही बहुतेकांनी आयओएमएमयूच बंद करून ठेवलं. पण काही जणांनी डीएमएआर या नावाने छापल्या जाणाऱ्या इंटेलच्या फॉल्टच्या त्या ओळी जशाच्या तशा बगच्या नोंदीत चिकटवल्या, त्यातला फंक्शनचा आकडा कोणाच्या तरी नजरेत भरला, आणि २०१४ मध्ये कर्नलमध्ये त्यासाठी क्वर्क, म्हणजे त्या हार्डवेअरपुरती केलेली सोय, आला. आज तेच कार्ड लावा, चालतं. फॉल्ट लिहून ठेवणाऱ्यांनी केलं ते. बंद करा म्हणणाऱ्यांनी काही केलं नाही.

राजेहो, मी काही मोठं मागत नाही. डिव्हाइस कोणतं, पत्ता कोणता, वाचत होतं की लिहित होतं, आणि तो पत्ता कोणत्या बफरच्या जवळ आहे. हँडलर लावायचाच असेल तर एवढं छापा आणि उणे ईनोसिस परत करा. छापायचं नसेल तर हँडलर लावूच नका, कर्नल स्वतः छापतं. यात तुमचं काय जातं?

बोर्डवाल्यांना संध्याकाळी दोन पॅच पाठवलेत. एक, उंची १६ च्या पटीत वर नेणारा. दुसरा, तो हँडलर काढून टाकणारा. पहिला त्यांनी लगेच घेतला. दुसऱ्यावर लिहिलंय, "याने कस्टमरच्या लॉगमध्ये एरर दिसतील, म्हणून नको." मी परत लिहिलंय की एरर दिसायलाच पाहिजेत, आणि आमच्या बॉक्सवर तो पॅच जाणारच आहे, तुम्ही घ्या किंवा नका घेऊ. मॅनेजरला त्यात सीसी ठेवलाय.