उडी मारली की कुंदा

अहो किती वेळा सांगायचं, कुत्र्याला कुंदा, ती आपली दुधाची मिठाई, देऊ नका! रोज सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तेच. तीन आठवडे खपून मोत्याला शिकवलंय, माणूस दिसला की खाली बसायचं, बूड जमिनीला टेकलं की एक-दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तोंडात, उशीर झाला तर त्याला कळतच नाही बक्षीस कशाचं मिळालं, आणि उडी मारली की आपण पाठ फिरवायची, बास. आणि हे काका येतात, मोत्या चिखलाच्या पायांनी छातीवर चढतो आणि ते हसत हसत कुंदा भरवतात! म्हणजे उडी मारली की गोड मिळतंय, हेच शिकला की तो! वर आणि मलाच, "एक रट्टा घाल की, गप बसतंय." रट्ट्यानं कुत्रं शिकत नाही हो, घाबरतं, नुसता हात वर केला तरी अंग चोरतं. परवा तर पुडीतले बेदाणे द्यायला निघाले, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, मी हात धरला तर रुसले. रुसू देत. आज मोत्या शेजारच्या आजींच्या अंगावर उडाला, त्यांचं लुगडं फाटलं, आता परत पहिल्यापासून.