किती मिळतात रे महिन्याला?

दर दोन वर्षांनी गावी गेलो की मोठी काकू चहाचा कप हातात देतादेताच विचारते, "किती मिळतात रे महिन्याला?" मी आकडा सांगतो, दादा त्याचे रुपये करून देतो, आणि दिवेलागणीपर्यंत तो आकडा वेशीवर पोचलेला असतो. उप्सालात राहून मला अकरा वर्षं झाली, एकाही स्वीडिश माणसाने हा प्रश्न मला विचारलेला नाही. असं तोंडावर विचारणं इथे वाईट दिसतं. शिवाय विचारायची गरजही नाही. कर खात्याला फोन केला की माझं करपात्र उत्पन्न कोणालाही सांगतात. पत्ता, जन्मतारीख, घरात आणखी कोण राहतं, हे तर इंटरनेटवर फुकट मिळतं. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला शेजारच्या आजी केक घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांना तारीख कधीच सांगितली नव्हती.

या उघडेपणाचं मूळ १७६६ सालच्या कायद्यात आहे. आन्देर्स शिदेनियस नावाच्या, आजच्या फिनलंडमधल्या, एका पाद्र्याने तो रेटला होता. पुण्यात तेव्हा थोरले माधवराव पेशवे होते. सरकारी कागद कोणालाही बघता आला पाहिजे, हे तत्त्व आज स्वीडनच्या राज्यघटनेचा भाग आहे. छापील नमुना नाही, कारण द्यावं लागत नाही, आणि तुम्ही कोण हेही कारकुनाने एरवी विचारायचं नसतं. एकदा गंमत म्हणून मी आमच्या पालिकेला ईमेल करून एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा पगार विचारला. जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं, खाली "आणखी काही हवं असल्यास कळवा" अशी ओळ.

आता गावाकडची गोष्ट. आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक फेरफार दीड वर्ष रखडला होता. दादा खेटे घालायचा आणि दर वेळी साहेब फिरतीवर. शेवटी त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जोडपत्र अ, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. मागितलं काय, तर त्या कार्यालयाचं सहा महिन्यांचं हजेरीपत्रक आणि फिरतीची दैनंदिनी. उत्तर दोन ओळींचं आलं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

कामाच्या वेळी साहेब कुठे होते, हे साहेबांचं खाजगी आयुष्य!

पूर्वीही असे नकार मिळत, पण ते देताना थोडी कसरत करावी लागे. २००५ च्या कायद्यातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होत असलं पाहिजे. व्यापक जनहित असेल तर तीही द्यायची. आणि शेवटी एक फार सुंदर वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. गावच्या माणसाला आमदाराच्या बरोबरीने बसवणारं वाक्य! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. उरलं ते एवढंच की माहिती वैयक्तिक असली तर द्यायची नाही.

पुण्यातला माझा मित्र सॉफ्टवेअरमधला. तो म्हणतो, तुम्ही उगाच बोंब मारताय. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, मग कायदा नको का? आणि कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित जास्त असेल तर माहिती देता येतेच. कायदा हवा, यात वादच नाही. लॉजवाला आधारची झेरॉक्स ठेवून घेतो, ती पुढे कुठे जाते याचा पत्ता नसतो. पण ८(२) म्हणजे "देता येईल". देता येईल आणि द्यावी लागेल यांत किती अंतर असतं, हे तालुक्याच्या कचेरीत एकदाही न गेलेल्या माणसाला समजावणं कठीण आहे. अडचण एका दुरुस्तीपुरतीही नाही. २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने, अकोल्यात नेमणुकीला राहिलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, नोकरीतल्या कारवाईचे कागद आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवला होता. दार तेव्हापासून लोटलेलं होतं, आता कडी लागली.

याच गावात दादाची स्वतःची माहिती किती खाजगी आहे? गट नंबर माहीत असेल तर त्याचा सातबारा मला उप्सालात बसून दिसतो. क्षेत्र किती, हिस्सेदार कोण, आणि इतर अधिकारात सोसायटीचा बोजा किती, सगळं. रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईचं नाव आणि मजुरीचे दिवस सरकारी संकेतस्थळावर आहेत. ते उघडं असण्याला माझी हरकत नाही. राजस्थानात अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईत हजेरीपट वाचून दाखवले, तेव्हाच मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याचं बाहेर आलं. नाव झाकलं असतं तर मेलेला सापडला नसता. पण शेतकऱ्याचं कर्ज चावडीवर आणि साहेबांची हजेरी सोवळ्यात, ही वाटणी मला पटत नाही. स्वीडनमध्ये माझा पगार उघडा आहे तसा पंतप्रधानांचाही, म्हणून तो उघडेपणा मला सोसतो.

सोसतो म्हणालो, कारण इथेही सगळं गोड नाही. वयानुसार माणसं शोधता येतात, म्हणून भामटे एकट्या म्हाताऱ्यांना बँकेच्या नावाने फोन करून लुटतात. केक आणणाऱ्या त्या आजी आता अनोळखी नंबर उचलत नाहीत. टोळ्यांना हव्या त्या माणसाचं दार दोन मिनिटांत सापडतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, फौजदारी निकाल घाऊक मागवून त्यांचं कोठार करणाऱ्यांच्या बाबतीत, युरोपच्या डेटा कायद्याकडे बोट दाखवून हात आखडता घेतला. निर्णय मला योग्य वाटला. पंधरा वर्षांपूर्वीच्या मारामारीसाठी माणसाने जन्मभर गुन्हेगारांच्या नकाशावर टिंब होऊन राहू नये. तेव्हा गावी जाऊन "आमच्या स्वीडनमध्ये" असं सुरू करणाऱ्यांत मला धरू नका. इथला कायदा उचलून तिथे लावला तर पहिल्या आठवड्यात कोणाच्या मुलीचा पत्ता कोणाच्या हाती लागेल, याची मला कल्पना आहे.

मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, विचारणाऱ्याला इथे नाव सांगावं लागत नाही याचा. दादाने अर्ज दिला त्याच संध्याकाळी गावातल्या एका पुढाऱ्याने पारावर त्याला थांबवून म्हटलं, "काय, आता कागद मागायला लागलास?" तळेगावचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचेच कागद काढत होते. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला निघालेल्या त्या माणसाला मारून टाकलं. दादाला ते माहीत आहे, काकूलाही माहीत आहे.

पहिलं अपील फेटाळलं गेलं, दुसरं आता राज्य माहिती आयोगाकडे आहे. मधल्या काळात दादाला आणखी एक अर्ज टाकायचा होता. फोनवर म्हणाला, "तुझ्या नावानं टाकू का? तुला हितं कोण वळखतंय?" मी सही करून पाठवली. त्या अर्जाचंही उत्तर तेच, दोन ओळींचं, आणि तेही आता अपिलात आहे.

भानगड अशी की हा अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे. मी भारतीय पासपोर्टवर स्वीडनच्या पालिकेला प्रश्न विचारू शकतो, पण स्वीडिश पासपोर्टवर माझ्या तालुक्याला विचारू शकत नाही. आणि आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. माझा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार आहे, बायको रोज विचारते कधी पाठवतोस म्हणून. अपिलाचा निकाल लागला की पाठवतो, असं तिला सांगितलंय. आयोगाकडे सुनावणीला किती वेळ लागतो, ते मात्र सांगितलेलं नाही.