भाऊ, साइडनं चालवा ना!

नागपुरात सायकल चालवायची म्हणता? चालवा ना, कोण नाही म्हणून राहिलं. पेट्रोल वाचते, पोट उतरते, फोटोही चांगले येतात. फक्त सुरक्षिततेचे काही नियम तेवढे पाळा. हे नियम मी कुठल्या पुस्तकातून काढले नाहीत. मागच्या मंगळवारी सकाळी पावणेआठला, शंकरनगरच्या अलीकडे, मी रस्त्यावर बसून गुडघ्यातली गिट्टी काढत होतो तेव्हा भोवती जमलेल्या सात-आठ जाणकार मंडळींनी मला ते फुकटात दिले. आता मी तुम्हाला देऊन राहिलो.

पहिला नियम, साइडनं चालवा. आता साइड म्हणजे काय ते समजून घ्या. आपला रोड सिमेंटचा. सिमेंट संपलं की खाली पेव्हर ब्लॉक, आणि दोघांच्या मधात दोन-तीन इंचाची पायरी, कुठे कुठे चार. काही ठिकाणी ब्लॉक बसवायचे राहिले म्हणून नुसती माती, मातीत चेंबरचं झाकण, झाकणाच्या पलीकडे उभ्या गाड्या, गाड्यांच्या पलीकडे पोह्यांचा ठेला आणि त्याच्या पलीकडे नाली. यातली साइड कोणती ते ज्याचं त्यानं शोधावं. ब्लॉकवरून परत सिमेंटवर चढायचं असलं तर हँडल चांगलं वळवून चाक आडवं घाला, पायरीला घासत समांतर नेलं की चाक अडकते अन् तुम्ही आडवे होता. (हा सल्ला खरा आहे बरं का, लिहून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.)

दुसरा नियम, घंटी वाजवत राहा. काच वर, एसी चालू, गाणे चालू, तरी वाजवा, तेवढंच तुम्हाला बरं वाटते.

तिसरा नियम, उभ्या गाडीचं दार केव्हाही उघडू शकते हे धरूनच चालवा. कारचं दार पूर्ण उघडलं की मीटरभर बाहेर येते. म्हणून गाडीपासून मीटरभर लांबून जा. लांबून गेलं की तुम्ही आले रोडच्या मधात, मधात आले की मागून हॉर्न, आणि हॉर्नसोबत "ओ काका, साइडनं!" म्हणून मी बापडा साइडनं चाललो होतो. समोर एक पांढरी एसयूव्ही, चारही इंडिकेटर लावून उभी (चारही इंडिकेटर लावले की आपल्याकडे गाडी कुठेही उभी करता येते, हा वेगळाच कायदा आहे), आणि मी तिच्या मागच्या चाकापाशी पोचलो अन् साहेबांना तर्री पोह्यांची आठवण झाली. धाडकन दार. ब्रेक दाबायलाही वेळ नाही मिळाला, हँडल दाराला लागलं, मी सिमेंटवर, चेन बाहेर, पुढचं रिम वाकडं. साहेब उतरले. आधी काय पाहिलं असेल? दार. बोटानं घासून पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणे, "पाहून चालवा ना भाऊ, स्क्रॅच पडला ना दाराले."

तोवर मंडळी जमलीच. एकानं विचारलं, "हेल्मेट होतं काय?" म्हटलं, डोक्यावरच आहे, दिसून नाही राहिलं का? विचारणाऱ्याचं स्वतःचं हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकवलेलं. कायद्यानं ते त्याला सक्तीचं आहे, मला नाही, पण जाऊ द्या. दुसरा म्हणे, "मंग रोडच्या मधातून काहून चालवता?" म्हटलं, साइडनंच होतो ना बाप्पा. तर तो म्हणे, "तेच तं म्हणून राहिलो, इतकं साइडनं काहून चालवता?" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. एका आजोबांनी प्रेमानं सांगितलं की या वयात सायकल कायले पाहिजे, सकाळी बगिच्यात फिरत जा. साहेबांना मात्र कोणी काही म्हटलं नाही, त्यांची प्लेट येऊन गेली होती.

चौथा नियम, राँग साइडनं येणाऱ्याला रस्ता द्या. तो घाईत असतो, पुढचा कट अर्ध्या किलोमीटरवर आहे, तिकडून वळून यायला त्याचं पाच रुपयांचं पेट्रोल जाते, तुमचा काय, फक्त जीवच जाते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १८४ मध्ये उलट दिशेनं गाडी चालवणं सरळ धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये टाकलं, पहिल्या खेपेलाच एक ते पाच हजार दंड, तुरुंगाचीही तरतूद. हे त्याला सांगू नका. सांगितलं की तो म्हणते, "चल बे, निघ."

पाचवा, सायकलसाठी मारलेल्या पट्ट्यातूनच चालवा. काही वर्षांपूर्वी काही रस्त्यांवर मारले होते, फोटो काढून झाले, आता ते उभ्या कारच्या खाली बघावे लागतात.

सहावा, ई-रिक्षा. देवाचं नाव घ्या.

सातवा, मे महिन्यात सिग्नलवर हिरव्या जाळीखाली उभं राहायचा विचार करू नका. तिथे बाइकवाले झेब्रा क्रॉसिंगच्या पुढपर्यंत सावली धरून असतात, सायकलवाल्याचा नंबर उन्हात.

आठवा नियम असा होता की रात्री पुढे पांढरा अन् मागे लाल दिवा लावा, जे लावायलाच पाहिजे, माझे बाबा सांगतात त्यांच्या काळी दिवा नसला की पोलीस चौकात सायकलची हवा सोडायचा. पण मी दोन्ही दिवे लावून, रिफ्लेक्टर लावून, पोपटी जॅकेट घालून फिरतो, झाडाच्या सजावटीसारखा दिसतो, तरी लोक म्हणतात, "दिसलाच नाही भाऊ." अरे दिसत कसा नाही? पाहिलंच नाही म्हण ना.

आणि हे सगळे नियम सायकलवाल्यालाच का बे? मी हौशी माणूस आहे, उद्या सायकल विकून गाडी घेईन. पण रात्रपाळी करून सायकलवर घरी जाणारा गार्ड आहे, हँडलला डबा लटकवून हिंगण्याच्या एमआयडीसीत जाणारा आहे, पहाटे केटल्या घेऊन फिरणारा दूधवाला आहे, त्यांना कोणतं जिम जॉइन करायला सांगता? मंगळवारी माझ्या मागून टिप्पर नव्हता म्हणून मी हे लिहून राहिलो, एवढंच. रिम सरळ करायला शंभर रुपये लागले, गुडघा अजून वाकत नाही, आणि त्या माणसानं सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

गाडी घ्यायला पंधरा लाख आहेत, आरशात पाहायला दोन सेकंद नाहीत. उजव्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडून पाहा एकदा, अंग आपोआप वळते, मागचा माणूस दिसते. कठीण नाही काही. लेकराला जमते. आणि तेवढंही जमत नसलं तं ऑटोनं जात जा, पोहे खायला गाडी काढू नका.